प्रीपोमॅक्स: फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्र्याला पत्रा कसा जोडला जातो

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधी सांगून टाकतो. पत्रा, चॅनल आणि गसेट (सांध्याला आधार देणारा पत्र्याचा तुकडा) यांचं फॅब्रिकेशन करणाऱ्या लहान कारखान्याला, भाराखाली कुठं किती ताण येतो ते काढायला, प्रीपोमॅक्स पुरतं, विकत काही घ्यायची गरज नाही. पण वेगवेगळे मेश केलेले, म्हणजे गणितासाठी छोट्या तुकड्यांच्या जाळीत विभागलेले, पत्रे एकमेकांना जोडायची पाळी आली, की हे सॉफ्टवेअर आत काय करतं ते समजून घेतल्याशिवाय त्याच्या रंगीत चित्रावर सही करू नका. पुढचं सगळं या ‘पण’बद्दल आहे.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये डिझाइन बघतो. पुढं शिअरिंग मशीन आणि प्रेस ब्रेक, मागं वेल्डिंग, मधल्या काचेच्या खोलीत मी, एक कॉम्प्युटर आणि मालकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. उसाच्या ट्रॉल्या, टिपिंग ट्रेलर, कधीमधी एखाद्या फौंड्रीसाठी मशीनचा बेस, असलं काम. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या ट्रॉल्या चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागं जोडीनं धावतात. किती टन ऊस चढवायचा ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं आणि ड्रॉइंगवरच राहतं. हंगाम संपला की ट्रॉल्या दुरुस्तीला येतात आणि आमचा वेल्डर आतून हाक मारतो, ‘सर, इल्ली बिरुक बिट्टैती.’ तडा गेलाय. कुठं गेलाय हे मी खोलीतूनच सांगू शकतो: गसेटचं टोक चॅनलच्या फ्लँजवर, म्हणजे आडव्या पाकळीवर, जिथं संपतं तिथं. पत्रा मधून फाटत नाही, सांध्याला फाटतो. म्हणून ॲनालिसिसचं कुठलंही सॉफ्टवेअर पारखताना मी आधी त्याचा सांधा बघतो, रंग नंतर.

ओळख थोडक्यात. प्रीपोमॅक्स हा दर्शनी भाग आहे. मॉडेल आत घेणं, मेश करणं, लोड लावणं, निकाल दाखवणं ही त्याची कामं. प्रत्यक्ष गणित सोडवतो तो कॅल्क्युलिक्स. कॅल्क्युलिक्स हे ग्विडो धोंट आणि क्लाऊस विटिग यांचं काम. दोघंही म्युनिकच्या एमटीयू एरो इंजिन्स या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीतले. प्रीपोमॅक्स लिहिलं मातेय बोरोविन्शेक यांनी, स्लोव्हेनियातल्या मारिबोर विद्यापीठातून. दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे धंद्याच्या कामाला वापरलं तरी कुणाची नोटीस येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या विद्यार्थी आवृत्त्या फुकट असतात खऱ्या, पण त्या धंद्यासाठी नसतात हे आपल्याकडं सोयीस्करपणे विसरलं जातं. कॅल्क्युलिक्सची इनपुट फाइल ॲबॅकस या विकतच्या ॲनालिसिस सॉफ्टवेअरच्या धाटणीची असते, त्यामुळं कॉलेजात ॲबॅकस पाहिलेल्या पोरांना ती लगेच वाचता येते. मेश करायला आत नेटजेन आणि जीमेश ही दोन्ही इंजिनं आहेत. विंडोजवर झिप उघडायची आणि चालवायचं, एवढंच.

आता पत्र्याकडं येतो.

ट्रॉलीच्या चासीला आयएसएमसी १२५ चॅनल असतो. त्याचं वेब (उभा भाग) ५ मिमीच्या आसपास, फ्लँज ८ मिमीच्या आसपास, आणि लांबी काही मीटर. याला सॉलिड, म्हणजे जाडीसकट ठोकळ्यांचा, मेश करायचा तर जाडीत निदान दोन थर हवेत, म्हणजे काही लाख एलिमेंट (जाळीचे तुकडे) आणि दुपारचं जेवण होईपर्यंत कॉम्प्युटरचा पंखा बोंबलत राहणार. म्हणून शेल. पत्र्याची मधली पातळी घ्यायची, तिचा मेश करायचा आणि जाडी आकड्यात सांगायची. इथपर्यंत सगळ्या सॉफ्टवेअरांचं एकमत आहे.

भानगड पुढं सुरू होते. चासी एकानं काढलेली असते, गसेट दुसऱ्यानं, आणि हायड्रॉलिक सिलिंडरचा ब्रॅकेट पुरवठादाराकडून स्टेप फाइल म्हणून येतो. प्रत्येकाचा मेश वेगळा. चासीला २० मिमीचे एलिमेंट पुरतात, गसेटच्या टोकाशी ३ मिमीचे हवेत. चासीच्या कडेवरचे नोड (एलिमेंट एकमेकांना जोडणारे बिंदू) आणि गसेटच्या कडेवरचे नोड एकमेकांसमोर येतच नाहीत. सॉफ्टवेअरला मात्र नजर नसते. पडद्यावर चिकटलेले दिसणारे दोन पत्रे त्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत, जोवर तुम्ही काही सांगत नाही तोवर.

प्रीपोमॅक्समध्ये हे सांगायचे तीन रस्ते आहेत. पहिला सगळ्यात सरळ: मेश करायच्या आधीच भूमितीचे तुकडे एका कंपाउंड पार्टमध्ये बांधायचे. मग सामाईक कडेवर दोघांचेही नोड एकच होतात आणि जोडायचा प्रश्नच उरत नाही. सगळी भूमिती तुमच्या हातात असेल आणि कडा खरोखरच एकमेकांना भिडत असतील, तर दुसरं काही बघू नका. दुसरा रस्ता म्हणजे एकाच जागी पडलेले दोन नोड विलीन करणं. मेश जुळते असले तरच याचा उपयोग. तिसरा टाय, आणि आमच्यासारख्यांचं निम्मं आयुष्य त्यावर जातं, कारण ब्रॅकेट बदलला म्हणून अख्ख्या चासीचा मेश पुन्हा करायला कुणाला वेळ असतो? ब्रॅकेट काढा, नवा घाला, टाय लावा.

टाय काय करतो? एका बाजूला मास्टर म्हणायचं, दुसरीला स्लेव्ह. स्लेव्हचा प्रत्येक नोड मास्टरच्या ज्या एलिमेंटच्या पाठीवर पडतो, त्या एलिमेंटच्या नोडांच्या हालचालीतून त्याची हालचाल ठरवली जाते. प्रत्येक नोडला, प्रत्येक दिशेसाठी एक समीकरण. मास्टरला कुणी काही विचारत नाही. त्यामुळं बारीक मेशचा भाग स्लेव्ह करायचा आणि जाड मेशचा मास्टर. उलट केलं तर मास्टरचे बरेच नोड दोन स्लेव्ह नोडांच्या मधे मोकळेच राहतात, आणि लांब लांब टाके घातलेल्या गोधडीसारखी कड मधे फुगते. प्रीपोमॅक्समध्ये मास्टर-स्लेव्हची अदलाबदल एका क्लिकवर होते, ही सोय मला फार आवडली. कुणीतरी स्वतः हे काम करणाऱ्यानंच लिहिलंय, हे अशा ठिकाणी कळतं.

जोड्या शोधायचं साधनही आहे. अंतर आणि कोन द्यायचा, ते सगळ्या मॉडेलमधून जवळजवळच्या कडा-पृष्ठभाग शोधून आणतं आणि टाय किंवा कॉन्टॅक्ट (चिकटवणं नाही, नुसतं टेकणं) तयार करून देतं. तीस-चाळीस गसेट असलेल्या चासीला ही मोठी बचत आहे. पण आलेली यादी एकेक उघडून बघा. अंतर सढळ हातानं दिलं तर शेजारून नुसती जाणारी पट्टीही ते प्रेमानं चिकटवून टाकतं. ट्रॉलीच्या फाळक्याची बिजागरी चासीला टाय झाली, तर फाळका उघडायचाच नाही.

आता कॅल्क्युलिक्सची खासियत, जिच्यामुळं हे परीक्षण लिहावंसं वाटलं. बहुतेक सॉफ्टवेअरांत शेल म्हणजे जाडी नसलेली पातळी असते आणि प्रत्येक नोडला सहा स्वातंत्र्यं असतात: तीन सरकण्याची, तीन वळण्याची. कॅल्क्युलिक्स तसं करत नाही. ते तुमचं शेल आतल्या आत जाडीत फुगवून सॉलिड करतं. आठ नोडचं शेल वीस नोडची वीट होतं, सहा नोडचा त्रिकोण पंधरा नोडची पाचर होतो. तुम्ही शेल दिलं असं तुम्हाला वाटतं, सोडवलं जातं सॉलिड.

याचा टायवर होणारा परिणाम नीट बघा. ८ मिमीच्या फ्लँजवर गसेट उभा आहे. मधल्या पातळ्या काढल्या तर गसेटची खालची कड फ्लँजच्या पाठीवर संपते, म्हणजे फ्लँजच्या मधल्या पातळीपासून ४ मिमी वर. इतर बऱ्याच सॉफ्टवेअरांत हे ४ मिमी हवेत लोंबतात, आणि तुम्हाला टायची मर्यादा, म्हणजे किती लांबचा नोड बांधायचा तो आकडा, ४ मिमीच्या वर न्यावी लागते. दोन पत्रे एकमेकांवर चढवून जोडले असतील, एक ६ चा आणि एक ८ चा, तर मधलं अंतर ७ मिमी. कॅल्क्युलिक्समध्ये फुगवल्यानंतर फ्लँजची पाठ खरोखर तिथंच येते जिथं ती लोखंडात असते, आणि गसेटची कड तिला टेकते. चढवलेले पत्रे तर पाठीला पोट लावून बसतात. जोड शेडमध्ये दिसतो तसाच. शिवाय कडेचे वरचे आणि खालचे असे दोन्ही थर बांधले जात असल्यामुळं वाकवणारा मोमेंटही पलीकडं जातो, वळण्याची स्वातंत्र्यं वेगळी बांधायची चिंता राहत नाही.

पण हेच शस्त्र उलटतं. मॉडेल करणाऱ्यानं सवयीनं गसेट फ्लँजच्या मधल्या पातळीपर्यंत वाढवलेला असेल, तर फुगवल्यावर त्याची कड फ्लँजच्या पोटात ४ मिमी घुसलेली असते. किंवा फ्लँजची चुकीची बाजू मास्टर म्हणून पकडली, तर मधे ८ मिमी पडतात. कॅल्क्युलिक्सची ठरलेली मर्यादा एलिमेंटच्या नेहमीच्या आकाराच्या २.५ टक्के आहे. १० मिमीचा एलिमेंट असेल तर पाव मिलिमीटर! त्याबाहेर पडलेला नोड बांधला जात नाही, आणि गणित थांबतही नाही. फक्त इशारा देऊन ते पुढं जातं. न बांधलेल्या नोडांची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती फाइल उघडणं हा टायच्या कामाचाच भाग आहे, आणि ती कुणी उघडत नाही.

मर्यादा वाढवायचा मोह होतो. वाढवा, पण त्याच्या शेजारची ‘ॲडजस्ट’ची खूणही बघा. ती चालू असेल तर स्लेव्ह नोड मास्टरच्या पाठीवर ओढून बसवले जातात, म्हणजे तुमची भूमिती बदलते. पाव मिलिमीटर सरकलं तर कुणाला फरक पडत नाही. ४ मिमी सरकलं तर कडेचा एलिमेंट चिरडला जाऊन निकालात खोटा ताण उगवतो. माझी पद्धत अशी: भूमिती खऱ्या पाठीपर्यंत आणायची, ॲडजस्ट बंद ठेवायचं, मर्यादा अर्धा-एक मिलिमीटर द्यायची आणि इशाऱ्याची फाइल रिकामी येईपर्यंत पुढं जायचं नाही. कॅडमधून मधल्या पातळीऐवजी बाहेरचीच पातळी आली असेल, तर शेल सेक्शनमध्ये ऑफसेट देता येतो. तो मिलिमीटरमध्ये नसतो, जाडीच्या पटीत असतो. ०.५ म्हणजे अर्धी जाडी. ५ लिहून बसलात तर पत्रा पाच जाड्या लांब जाऊन उभा राहील.

दुसरी गोष्ट गाठींची. दोन शेल कोनात भेटली किंवा एकाच कडेवर जाडी बदलली, की फुगवलेले सॉलिड एकमेकांत घुसतात किंवा त्यांच्यात फट पडते. कॅल्क्युलिक्स तिथं त्या नोडच्या सगळ्या फुगलेल्या भावंडांना एका ताठ गाठीत बांधतं. चॅनलचं वेब ५ चं, फ्लँज ८ चा, कोन काटकोन, म्हणजे चॅनलच्या कोपऱ्यावरून अशा गाठींची रांग लागते. एकूण वाकणं, रिॲक्शन, फ्रीक्वेन्सी हे सगळं ठीक येतं. पण कोपऱ्याच्या रेषेवरचा ताण वाचून डिझाइन ठरवू नये, तो गाठीचा ताण आहे, लोखंडाचा नाही. कंपाउंड केलेल्या मॉडेललाही हे लागू आहे. आमच्या चॅनलला कोपऱ्यात आतून गोलाई असते. ती शेलमध्ये मुळातच नसते, तेव्हा तिथं अचूकतेची अपेक्षा ठेवणंच चूक.

एवढं सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग विश्वास कशावर ठेवायचा? त्याची सोपी चाचणी आहे आणि कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरवर मी ती आधी करतो. ६ मिमी जाड, १०० मिमी रुंद, ३०० मिमी लांब पट्टी. एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला २०० न्यूटन, म्हणजे वीस किलोच्या जरा वर. हातानं गणित: छेदाचं जडत्व १८०० मिमी⁴, पोलादाचा यंग मॉड्युलस २,१०,००० मेगापास्कल, टोक ४.७६ मिमी खाली यायला हवं आणि मुळाशी ताण १०० मेगापास्कल. आता हीच पट्टी मधे कापायची. एका तुकड्याला १५ मिमीचा मेश, दुसऱ्याला ४ मिमीचा, मधे कडेला कड टाय. टोक ४.७६ च्या अगदी जवळ आलं पाहिजे. पक्क्या टोकापाशी पट्टीला आडवं आकुंचन-प्रसरण करता येत नाही म्हणून किंचित कमी येतं, तेवढं चालतं. प्रीपोमॅक्स यात स्वच्छ उत्तीर्ण होतं, पण शेल सेकंड-ऑर्डर हवं, म्हणजे कडांच्या मधेही नोड असलेलं. टाय नीट लागला नसेल तर हाच आकडा वेडावाकडा येतो किंवा सॉल्व्हर हात वर करतो. मुळाशीचे १०० मेगापास्कल मात्र पक्क्या टोकावर न वाचता थोडं आत, तिथल्या मोमेंटशी ताडून वाचा.

पूर्ण चासीला हातचं गणित नसतं. तिथं मी फ्रीक्वेन्सीची, म्हणजे वस्तू कशी कंप पावते ते काढणारी, पायरी लावतो, कुठलाही आधार न देता. हवेत मोकळी सोडलेली एकसंध वस्तू सहा प्रकारे नुसती हलू शकते, म्हणून पहिल्या सहा फ्रीक्वेन्सी शून्याच्या जवळ येतात. सातवीही शून्याजवळ आली तर समजायचं, एखादा गसेट सुटा आहे. मग त्या मोडचं, म्हणजे हलण्याच्या तऱ्हेचं, चित्र ॲनिमेशनवर लावायचं. जो तुकडा एकटाच तरंगत निघतो, त्याचा टाय लागलेला नाही. तीस-चाळीस जोड असताना याच्याइतकी झटपट झडती दुसरी नाही. घनता द्यायला विसरू नका. मिमी-टन-सेकंदच्या मापात पोलादाची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात असते. आमच्याकडं येणारी निम्मी पोरं इथं ७८५० लिहितात आणि फ्रीक्वेन्सी बघून बुचकळ्यात पडतात.

आता सॉफ्टवेअर बाजूला ठेवून वेल्डिंगचं बोलायला हवं. टाय लावताना आपण अख्खी कड निवडतो, कारण एका क्लिकमध्ये निवडली जाते. शेडमध्ये मात्र त्या कडेवर सलग वेल्ड असतो का? ट्रॉलीच्या तळाचा पत्रा आडव्या पट्ट्यांना तुकड्या-तुकड्यानं वेल्ड केलेला असतो. ५० मिमी वेल्ड, १०० मिमी मोकळं, पुन्हा ५०. सलग केलं तर पत्रा तापून वाकतो आणि वायरही जास्त जाते. मॉडेलमध्ये सलग टाय आणि लोखंडात तुटक वेल्ड, म्हणजे तुमची ट्रॉली कागदावर जास्त ताठ. ताण सगळा प्रत्येक वेल्डच्या टोकाशी साठतो हे मॉडेलला माहीतच नाही. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच: कॅडमध्येच कड वेल्डच्या मापानं तोडून घ्यायची आणि फक्त वेल्डचे तुकडे टाय करायचे. मोकळ्या भागात पत्रे दाबाखाली टेकत असतील तर तिथं कॉन्टॅक्ट. मी चासीच्या सगळ्या जोडांना हे करत नाही, जिथं हंगामानंतर तडे दिसतात तिथंच करतो. आमच्या वेल्डरला विचारून. कुठला जोड ड्रॉइंगप्रमाणं होतो आणि कुठला ‘ॲडजस्ट’ होतो हे त्याला जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्याच सॉल्व्हरला नाही.

आणि टायच्या रेषेवरचा ताण? वाचूच नका. जुळत नसलेल्या मेशच्या सीमेवर ताण पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारतो. गसेटच्या टोकाला तर गणितातच तो वाढत जातो: मेश बारीक करा, आकडा वर, आणखी बारीक करा, आणखी वर. मालक विचारतात, ‘नक्की किती?’ आणि पोरगं मेश बारीक करत बसतं. यासाठी वेल्डिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, आयआयडब्ल्यूची, हॉटस्पॉट पद्धत आहे आणि ती हातानं करता येते. वेल्डच्या पायापासून जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावर पृष्ठभागावरचा ताण वाचायचा. पहिला गुणिले १.६७ वजा दुसरा गुणिले ०.६७. ८ मिमीच्या फ्लँजला ती अंतरं ३.२ मिमी आणि ८ मिमी होतात. तिथं नोड यायलाच हवेत, म्हणून मेश त्याच हिशोबानं आखायचा. शेल मॉडेलमध्ये वेल्ड काढलेलाच नसेल, तर अंतरं पत्र्यांच्या छेदरेषेपासून धरायची, नाहीतर ताण कमी वाचला जातो. आलेला आकडा थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून तडा जाण्याच्या, गणिताला वापरायचा. आयएस २०६२ च्या ई २५० पोलादाची यील्ड (जिथून ते कायमचं वाकू लागतं तो ताण) २५० मेगापास्कल आहे म्हणून २४० ला ‘पास’ लिहून मोकळं होणं, हे रस्त्यावर हंगामभर आदळत जाणाऱ्या ट्रॉलीला लागू पडत नाही.

इथंच प्रीपोमॅक्समध्ये एक खड्डा आहे. शेलचा निकाल दोन तऱ्हेनं मिळतो. एक फुगवलेल्या जाडीवर, दुसरा मूळ पातळीवर सरासरी काढून. दुसरा दिसायला सुटसुटीत आणि फाइलही लहान. पण सरासरी म्हणजे वरचा ताण अधिक, खालचा उणे, बेरीज शून्य! वाकण्याचा ताण सगळा गायब. कॅल्क्युलिक्सच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलंय आणि म्हणूनच शेलसाठी फुगवलेला निकाल हीच मूळ निवड ठेवलीय. ती बदलू नका. मघाची पट्टी सरासरीवर टाकून बघा. १०० मेगापास्कलच्या जागी निळीशार, निवांत पट्टी दिसेल.

तक्रारी आणखी आहेत. स्लेव्ह नोडांवर आधार किंवा ठरावीक सरकणं लावलं तर भांडण होतं, कारण तो नोड आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असतो. एकाच कडेला दोन टाय लावले तरी तेच. लॉगमधले संदेश कोरडे असतात, नोडचा नंबर सांगतात आणि गप्प बसतात. तीन पत्रे जिथं एका बिंदूत भेटतात तिथं कोण मास्टर, कोण स्लेव्ह हे आधी कागदावर लिहूनच मग क्लिक करावं. लिनक्सवाल्यांना प्रीपोमॅक्स सरळ चालत नाही, विंडोजच लागतं. मोठ्या कॉन्टॅक्टच्या मॉडेलला वेळ लागतो, पण सॉल्व्हर म्हणून पार्डिसो किंवा पॅस्टिक्स निवडलं तर जाणवण्याइतका फरक पडतो.

तुलना करायची तर फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीचं कोड-ॲस्टर आहे, सालोमे-मेका या दर्शनी भागासकट फुकट. शेलला शेल जोडताना वळण्याची स्वातंत्र्यं बांधायची की नाही, शेलला सॉलिड कसं जोडायचं, असं सगळं त्यात वेगवेगळं सांगता येतं. ताकदीनं ते उजवं आहे हे मान्य. पण आज्ञा फ्रेंच, मूळ कागदपत्रं फ्रेंच, आणि आमच्या शेडमध्ये मराठी, कन्नड, हिंदी अशा तीन भाषा आधीच चालू आहेत. चौथी घ्यायची माझी तयारी नाही. फ्रीकॅडमध्येही हाच कॅल्क्युलिक्स सॉल्व्हर जोडता येतो. कॅड तिथं करावं आणि टायचं काम प्रीपोमॅक्समध्ये, असं मी करतो.

शिकण्याबद्दल. एका क्लासनं आमच्या ट्रेनी पोरीला ॲनालिसिसचं सर्टिफिकेट दिलं होतं, फी चांगली घसघशीत. तिला जाळी सुंदर करता येत होती, रंगपट्टी लावता येत होती. टाय म्हणजे ‘बॉन्डेड सिलेक्ट करायचं’ एवढंच शिकवलेलं. तिच्यात काही कमी नव्हतं. पट्टीची चाचणी दिली, इशाऱ्याची फाइल दाखवली, आणि आता तीच माझे टाय तपासते आणि मास्टर उलटा असेल तर मोठ्यानं सांगते. उद्यमबागेला लागूनच गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मच्छेला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ. प्रोजेक्टसाठी येणाऱ्या पोरांनी क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं पेन ड्राइव्हवर घेऊन येण्यापेक्षा हे उतरवून घ्यावं. इनपुट फाइल साध्या मजकुरात असते. टायची ओळ उघडून वाचता येते, मर्यादेचा आकडा बदलून पुन्हा चालवता येतं, आणि काय बदललं ते दिसतं.

पाचपैकी चार तारे देतो. एक कापला तो न बांधलेल्या नोडांसाठी. ते मॉडेलवर लाल रंगात आपोआप समोर यायला हवेत, फाइल शोधायला लावू नये. खर्च म्हणाल तर आम्ही फक्त मेमरी वाढवून घेतली, ३२ जीबी, आणि त्यावर अख्खी चासी शेलमध्ये, बारीक मेशच्या गसेटांसकट, आरामात सुटते. सॉलिडमध्ये करायचा हट्ट असेल तर मालकांशी बोलून घ्या.